फोन चोख होता, हात दिसत नव्हते

नवीन महागडा फोन हातात आला की लोक आधी त्याचा कॅमेरा उघडतात. मी त्याच्या कडेवरून नख फिरवतो. काच आणि धातू जिथं भेटतात त्या रेघेवर नख कुठं अडकलं, तर समजायचं की हा फोन एकदा उघडला गेलाय. मग दुकानदार कितीही शपथा घेवो.

जालन्यात बसस्टँडजवळच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. आधी रेडिओ आणि टेप दुरुस्त केले, मग टीव्ही, मग मोबाईल. आता वय अठ्ठावन्न. भिंगाखाली तिळाएवढा पार्ट धरून त्याला टाका देणं डोळ्यांना झेपत नाही, म्हणून ते काम मी सोडलं. उरलं ते फोन बघून देणं. कुणी नवा फोन घेतलेला असतो, कुणी ऑनलाइन मागवलेला, कुणाला पाहुण्यानं परदेशातून आणलेला. प्रत्येकाचे प्रश्न तेच. हा खरंच नवा आहे का? सांगतात त्याच वस्तू आत आहेत का? आणि एवढ्या पैशाला तो परवडला का?

बघायचं म्हणजे काय, ते साधंच आहे. खोक्यावरचा नंबर आणि फोनच्या आतला नंबर जुळवायचा. पडदा आधी पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून डाग शोधायचे. एक बोट पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न उचलता ओढायचं. कुठं रेघ तुटली की पडदा बदललेला असण्याचा संशय धरायचा. अर्धा तास चार्जिंगला लावून पाठीला हात लावायचा, लहान लेकराचा ताप बघतो तसा. मागचा कॅमेरा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तपासतो. कोपऱ्यातल्या तिथीचे बारीक आकडे स्वच्छ आले तर भिंग बरं. पुढचा कॅमेरा मात्र स्वतःच्याच चेहऱ्यावर. त्याला दुसरं काय लागतं, असं मला तेव्हा वाटायचं.

किमतीचं म्हणाल, तर महाग फोनचे पैसे तीन गोष्टींचे असतात: पडदा, कॅमेरा आणि आतली चिप. बाकी बराचसा नखरा. हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, त्यामुळं शेजारचे दुकानदार माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

आमच्याकडच्या फोनचे आजारही आमच्याकडचेच. लोखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा फोन आला की मी आधी स्पीकरची जाळी बघतो. स्पीकरच्या आत चुंबक असतो, तो लोखंडाचा भुगा ओढून घेतो. सहा महिन्यांत जाळीवर काळी दाढी उगवते आणि आवाज घोगरा होतो. कापसाच्या दिवसांत चार्जिंगच्या भोकातून मी सुईनं इतका कापूस काढलाय की एक वात सहज वळली असती. आणि राजूरचे एक गृहस्थ तर नवाकोरा फोन गणपतीसमोर ठेवून, साग्रसंगीत पूजा करून, थेट माझ्याकडं आले. "भाऊ, समोरच्याला माझा आवाजच जाऊन न्हाई राह्यला." माईकच्या बारीक भोकात कुंकू बसलं होतं. मी ते ब्रशनं काढलं, तर म्हणाले, "टाकू नका, पुडीत बांधून द्या. परसाद हाय." दिलं बांधून.

तपासून झालं की मी एका चिठ्ठीवर निकाल लिहून देतो. सगळं बराबर असेल तर एकच शब्द: चोख. तो शब्द नसलेली माझ्या हातची चिठ्ठी दाखवून लोकांनी दुकानदारांकडून फोन बदलून घेतलेत. त्या शब्दाचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण आता तो लिहायच्या आधी मी थोडा थांबतो. का, तेच सांगायचंय.

दोनेक वर्षं झाली. उन्हाळा सरत आला होता. भर दुपारी एक पन्नाशीचा माणूस दुकानात आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, गळ्यात शिंप्याची मापाची टेप तशीच राहिलेली. मी चष्मा वर सरकवून "या" म्हटलं, तर त्यानं कानाला बोट लावून मान हलवली आणि खिशातून छोटी वही काढून लिहिलं:

"मी सुदाम. टेलर. केदारखेडा. ऐकू येत नाही. फोन नवीन. मुलीने दिला. बघा."

अक्षर शिवणीसारखं सरळ होतं. फोन बाजारातला सगळ्यात वरच्या दर्जाचा. मी सगळ्या तपासण्या केल्या. तासभर गेला. खरं सांगतो, वस्तू फार सुरेख होती. नख कुठं अडकलं नाही. पडदा निर्मळ. पाठ जेमतेम कोमट. पुढच्या कॅमेऱ्यात माझा स्वतःचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसला, तेव्हा मी मनात म्हटलं, कॅमेरा असावा तर असा. चिठ्ठी लिहिली: चोख.

सुदामनं चिठ्ठी वाचली आणि लिहिलं, "व्हिडिओ कॉल. हात तुटते."

मला वाटलं, चित्र तुटतंय. मी लिहिलं, "नेटवर्क खराब. फोन चांगला." त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'हात' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मी पुन्हा बाहेर आभाळाकडं बोट करून टॉवरची खूण केली. दोन गिऱ्हाइकं मागं उभी होती. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या माणसाकडं वळलो. त्यानं चिठ्ठीची घडी घातली, वहीत ठेवली आणि तो गेला. केदारखेडा ते जालना एसटीनं तासाच्या वर लागतं, तेवढंच परत. एक दिवसाची शिलाई बुडवून तो आला होता, आणि मी त्याला आभाळ दाखवलं.

आठ दिवसांनी तो परत आला. या वेळी बायको बरोबर होती. कांताबाई त्यांचं नाव. त्याही ऐकू न येणाऱ्या. दोघांची तोंडं उतरलेली. कांताबाईंनी पिशवीतून नवा फोन काढून काउंटरवर ठेवला, आणि त्याच्या शेजारी एक जुना, काच तडकलेला, स्वस्तातला फोन. जुन्यावर हात ठेवून मान डोलावली. नव्यावर बोट ठेवून जोरात नकार केला.

मला हसू आलं. तो जुना फोन मी भंगारातही घेतला नसता.

सुदामनं लिहिलं, "तुम्ही बाहेर जा. तुमच्या फोनवरून कॉल करा. बघा."

समोर उसाच्या रसाचं दुकान आहे. तिथं जाऊन मी एक ग्लास सांगितला आणि नव्या फोनला व्हिडिओ कॉल लावला. कांताबाईंचा चेहरा आला. पडदाभर चेहरा, दुसरं काहीच नाही. त्या मागं सरकल्या तरी चेहरा तेवढाच. कॅमेरा त्यांच्या मागं मागं जात होता. गालावरच्या सुरकुत्या पुसलेल्या, कातडी गुळगुळीत. भुवया मात्र घट्ट आवळलेल्या, डोळे रोखलेले. मान पुढं काढून त्या माझ्याकडं बघत होत्या. खाली कधीतरी धुरासारखं काहीतरी यायचं आणि विरून जायचं.

मी ओळखलं, बाई भयंकर चिडलीय. आठ दिवसांपूर्वी मी नवऱ्याला वाटेला लावलं, त्याचा जाब विचारतेय. रस तसाच ठेवून मी रस्ता ओलांडला आणि दुकानात शिरून त्यांना हात जोडले.

दोघं माझ्याकडं बघतच राहिली. मग हातानं आपसात काहीतरी बोलली, आणि सुदाम खळखळून हसला. त्यानं लिहिलं, "ती विचारली. रस आंबट आहे का? तुमचे तोंड तसे झाले."

मी खुर्चीवर बसलो. तोपर्यंत कांताबाईही हसत होत्या. सुदामनं पुढं लिहिलं, "प्रश्न असला की भुवई अशी. राग नाही. हात सांगते काय प्रश्न. हात नाही दिसला."

ज्यांना ऐकू येतं त्यांना सांगायचं तर एवढंच: त्यांची भाषा हात आणि चेहरा मिळून होते. नुसता चेहरा दिसणं म्हणजे आपल्याला नुसता आवाजाचा चढउतार ऐकू यावा आणि शब्द एकही कळू नये. जुन्या फोनला अक्कल नव्हती. समोर जे असेल ते, हातांसकट, तो दाखवायचा. या नव्या फोनला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं की माणूस म्हणजे चेहरा. तो चेहरा मोठा करायचा, मधोमध धरायचा, गुळगुळीत करायचा आणि बाकी सगळं धूसर करून टाकायचा. हात त्याच्या हिशेबी बाकी सगळ्यात होते. यात बिघाड काहीच नव्हता. उलट याच करामतींचे जास्तीचे पैसे घेतले होते.

मी फोन उचलला आणि एकेक सोय बंद करत गेलो. चेहऱ्यामागं फिरणं बंद. मागचं धूसर करणं बंद. चेहरा गुळगुळीत करणं बंद. काउंटरवरचा दिवा कांताबाईंच्या समोर वळवला, कारण उजेड कमी असला की बोटं पुसट होतात. रसाच्या दुकानात पुन्हा जाऊन बघितलं. आता कमरेपासून वर त्या पूर्ण दिसत होत्या. दहाही बोटं वेगवेगळी मोजता येत होती.

परत येऊन मी अंगठा दाखवला. मला वाटलं, दोघं खूश होतील. सुदामनं फोन हातात घेतला, नीट बघितला, आणि वही माझ्यापुढं ओढून बराच वेळ लिहीत बसला. दीड पान. ते त्याच्या तोडक्या मराठीत होतं, मी माझ्या शब्दांत सांगतो.

मुलगी प्रीती. तिला ऐकू येतं. पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. चार वर्षांच्या पगारातून साठवून तिनं आईबापासाठी हा फोन घेतला. ती गावाकडं आली तेव्हा स्वतः देऊन गेली. परत गेल्यावर पहिलाच मोठा व्हिडिओ कॉल केला आणि आईला सांगितलं की एक मुलगा आहे, मला त्याच्याशी लग्न करायचंय, तो आपल्या समाजातला नाही. कांताबाईंनी विचारलं: कोण आहे, काय करतो, घरी कधी आणतेस? पण पोरीला दिसल्या त्या फक्त आवळलेल्या भुवया, आणि नंतर आईचे भरून आलेले डोळे. तिनं फोन ठेवून दिला. पुढं सुदामला मेसेज केला, आईला राग आला का? त्यानं लिहिलं, राग नाही, फोन खराब. प्रीतीनंच लिहिलं, मंग दाखवून या. आणि तो माझ्याकडं आला.

शेवटची ओळ होती: "मी तिला लिहिले, मेकॅनिक म्हणतो फोन चांगला. मग ती कॉल उचलत नाही."

ती ओळ मी दोनदा वाचली. फोन खराब आहे हे बापाचं म्हणणं तोवर पोरीनं धरून ठेवलं होतं. माझ्या 'चोख'नं ते खोटं पडलं. फोन धड असेल, तर आई खरंच नको म्हणाली, याशिवाय दुसरा अर्थ तिच्यासाठी उरलाच नव्हता.

मी प्रीतीचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून साधा कॉल केला. अनोळखी नंबर म्हणून तिनं उचलला.

"ताई, मी जालन्याहून बोलतोय. मोबाईलवाला. तुमचे आईवडील माझ्या दुकानात बसलेत."

"काय झालं त्यांना?" ती एकदम घाबरली.

"काही न्हाई. बिलकुल ठीक हायेत. ताई, चूक माझ्याकडून झाली. मी फोन चांगला हाय म्हणून लिहून दिलं, पण त्या फोनमधी तुमच्या आईचे हातच दिसत नव्हते."

तिच्या मागं दवाखान्याची गडबड ऐकू येत होती.

"दादा," ती म्हणाली, "मी लहानपणापासून त्यांच्या हातांत वाढले. मला कळतं आईचा चेहरा. तिनं नको म्हटलं. तुम्ही समजूत घालू नका."

"मलाबी आत्ता तसंच वाटलं. म्हटलं, बाई माझ्यावर भडकली. त्या विचारून राह्यल्या होत्या, रस आंबट हाय का."

पलीकडून एकदम दबलेलं हसू, आणि त्यातच नाक ओढल्याचा आवाज.

"मला आधीच भीती होती, दादा. म्हणून तेवढंच दिसलं असंल," ती हळूच म्हणाली. "मी अक्षयला काल सांगून टाकलं, आपलं जमायचं न्हाई म्हणून."

"एकदा व्हिडिओ लावा. मी फोन धरून बसतो."

"दोनला सुट्टी होईल. तोवर थांबा म्हणावं."

दीड वाजला होता. तो अर्धा तास मला फार मोठा वाटला. मी चहा मागवला, कुणीच प्यायलं नाही. कांताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी चारनंतर या म्हटलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन थरथरला. मी तो स्टँडवर ठेवला, दिवा पुन्हा वळवला आणि बाजूला झालो. प्रीती निळ्या गणवेशात एका खिडकीपाशी उभी होती. कांताबाईंचे हात सुरू झाले. मी इतके भरभर हात आयुष्यात पाहिले नव्हते. भुवया तशाच आवळलेल्या होत्या, पण आता त्यांच्या खाली हात होते आणि सगळं चित्रच वेगळं होतं. प्रीतीनं तोंडावर हात धरला. मग तीही बोलू लागली, हातांनी, आणि मला कळावं म्हणून तोंडानंही.

"आई विचारून राह्यली, पोरगा काय करतो... घरी कोण कोण हाय... जेवणात काय चालतं त्याला..." ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "आता विचारते, त्याला आपली भाषा येते का?"

तिनं आईला उत्तर दिलं आणि मला सांगितलं, "थोडी येते म्हटलं. दोन महिन्यांपासून शिकतोय. सारखा चुकतो."

सुदामनं मध्ये हात घालून काहीतरी विचारलं.

"बाबा म्हणतात, चुकू दे. घेऊन ये."

पुढं ती तिघं किती वेळ बोलली ते मी बघितलं नाही. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, आणि माझ्या दुकानात एका घराचं एवढं मोठं बोलणं बिनआवाजाचं चाललं होतं.

जाताना सुदामनं माझी जुनी चिठ्ठी वहीतून काढली आणि परत दिली. राग वगैरे नव्हता. शिवून उरलेला कापडाचा तुकडा परत द्यावा, तसं. मी ती ठेवून घेतली आणि नवी लिहून द्यायला लागलो, तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

तेव्हापासून मी कुणाचा फोन हातात घेतला की आधी विचारतो, यावर काय करणार, कुणाशी बोलणार. लोकांना नवल वाटतं. एकजण म्हणाला, "तुम्ही मेकॅनिक हाये का पोलीस?" पण उत्तर ऐकल्याशिवाय फोन परवडला की नाही हे आता मला सांगता येत नाही. सुदाममुळं अंबड, मंठा, परतूरकडचे त्याचे मित्रही यायला लागले. त्यांच्याकडून मी पाचपन्नास खुणा शिकलो. बहुतेक वेळा मी चुकतो, आणि ते हसून माझी बोटं धरून सरळ करतात.

प्रीती आणि अक्षयचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात केदारखेड्यालाच झालं. मांडव साधा होता. अक्षयच्या घरचे आले होते, सुरुवातीला थोडे अवघडलेले, जेवणं झाल्यावर मोकळे. मला सुदामनं आग्रहानं पुढं नेलं आणि कांताबाईंनी जावयाशी ओळख करून दिली. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि दोन बोटांनी स्वतःच्या नाकावरून एक नसलेला चष्मा वर सरकवला, मग मान थोडी तिरकी केली. मांडवातल्या त्यांच्या सगळ्या मंडळींनी माना डोलावल्या.

मला काही कळेना. प्रीती म्हणाली, "दादा, हे तुमचं नाव हाय. आमच्या लोकांत असं प्रत्येकाला एक नाव देतात. तुम्ही बोलायच्या आधी नेहमी असंच करता."

मी असं करतो हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझा हात आपोआप चष्म्याकडं गेला. सगळा मांडव हसला. अक्षयनं तीच खूण मला करून दाखवली, अगदी बिनचूक. मग मीही दोन बोटं नाकाशी नेऊन, पहिल्यांदाच, त्या लोकांना माझं नाव सांगितलं.